तीनची लाँच

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत ते लॉज होते. बारा खोल्या, सर्वांत वर आठ खाटांची एक सामायिक खोली आणि जिन्याखाली काउंटर. त्या काउंटरमागे मास्तर एकोणीस वर्षे बसत आले होते. शिकवण्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पाहुण्यांना ते रोज सकाळी दिवसाचा आराखडा चिठ्ठीवर लिहून देत, म्हणून चादरी धुणाऱ्या मावशींनी त्यांना ते नाव दिले आणि ते चिकटले.

चिठ्ठी अर्ध्या कागदाची असे. कोणती बस कोणत्या फलाटावरून सुटते, कुठल्या बाजूला बसले म्हणजे ऊन लागत नाही, उतरल्यावर किती चालायचे, पाणी कुठे भरून घ्यायचे, स्वच्छतागृह कुठे आहे आणि परतीची गाडी कोणती, हे सगळे बारीक पण सुवाच्य अक्षरात. पाठीवर सॅक टाकून, कमीत कमी खर्चात देशोदेशी हिंडणारे लोक या लॉजवर उतरत, ते खाटेसाठी कमी आणि या चिठ्ठीसाठी अधिक.

चिठ्ठीत लिहिलेले एकही ठिकाण मास्तरांनी स्वतः पाहिलेले नव्हते. आठवड्याची एक सुटी मिळे, ती अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या भावाच्या अंघोळीत, दाढीत आणि औषधांत जाई. वहिनी सहा दिवस जे करीत, ते सातव्या दिवशी आपण करावे, एवढे तरी त्यांना कर्तव्य वाटे. त्यामुळे शहराबाहेरचे सारे जग त्यांनी इतरांच्या डोळ्यांनी पाहिले होते. संध्याकाळी पाहुणे थकून परतले की मास्तर आपल्या किटलीतला चहा त्यांच्यापुढे ठेवीत आणि शांतपणे प्रश्न विचारीत. किती वाजता पोचलात? परतीची गाडी किती वाजता निघाली? रांग होती का? उत्तरे ते जाड कार्डांवर लिहून ठेवीत. एकाचे ऐकून ते कधी चिठ्ठीत घालत नसत. तीन वेगवेगळ्या माणसांनी सारखेच सांगितले की गोष्ट पक्की, हा त्यांचा नियम होता. असा नियम पाळणारा माणूस सहसा चुकत नाही. आणि चुकतो तेव्हा त्याला ते कळायला वेळ लागतो, कारण त्याच्या बाजूने तीन साक्षीदार असतात.

त्या सकाळी सात वाजता एक बाई चिठ्ठी घेऊन बाहेर पडल्या होत्या. वय एकोणसाठ, एकतीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका, निवृत्तीनंतर एकट्याच प्रवासाला निघालेल्या. लॉजवर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचा व्हिसा त्याच दिवशी संपत होता. संध्याकाळी साडेसहाची बस पकडून सीमेवर जायचे, तिथली तपासणीची खिडकी रात्री नऊला बंद होते, त्याआधी शिक्का घेऊन पलीकडे जायचे, असे ठरले होते. उशीर झाला तर पारपत्रावर मुदत ओलांडल्याची नोंद होणार, आणि तशी नोंद असलेल्या माणसाला पलीकडचा देश आत घेत नाही. म्हणजे प्रवास तिथेच संपला. अकरा वर्षे रजा आणि रात्रपाळीचे भत्ते साठवून केलेला प्रवास.

हातात एक दिवस होता आणि तलावातल्या बेटावरचे जुने साथरुग्णालय त्यांना पाहायचे होते. मास्तरांनी चिठ्ठी लिहिली: तीनची लाँच, पावणेचारला धक्का, चारची बस, पावणेसहाला लॉज, सॅक उचला, बसस्थानक. चिठ्ठी देताना ते म्हणाले होते, "घाई करू नका, सिस्टर. वेळ पुरून उरेल."

नऊच्या सुमारास सामायिक खोलीतला एक दाढीवाला विद्यार्थी खाली आला. आदल्या रात्री तो इतक्या उशिरा परतला होता की मास्तरांना त्याची विचारपूस करता आली नव्हती. पावाला लोणी लावत तो म्हणाला, "तुमच्या तीनच्या लाँचनं काल माझा पार बाजा वाजवला."

"का, चुकली?"

"असेल तर चुकेल ना. अकरा, दोन आणि पाच. मधे काही नाही. तीन तास दगडावर बसून काढले."

"असं कसं होईल?" मास्तरांनी कार्ड बाहेर काढले. "बारा, तीन आणि सहा. तीन जणांनी सांगितलंय."

"मग त्या तिघांना चढवून घेणारी लाँच वेगळी असेल," विद्यार्थी शांतपणे म्हणाला.

तलावाचे पाणी यंदा लवकर ओसरले होते. गाळातून वाट काढून देणारी होडी एकच, म्हणून महिन्याभरापासून परतीच्या लाँच तिच्यामागे ठरलेल्या वेळी एकत्र निघत; जाताना मात्र भरेल तशी सुटत. नवी वेळ कळल्याला महिनाच झाला होता, आणि सांगणारे तिघेच होते. मास्तरांनी नोंदवही उघडली. तिघेही पूर्वेकडच्या सीमेवरून रात्रीच्या बसने आलेले. तिघेही दुसऱ्याच दिवशी बेटावर गेलेले. तिकडचे घड्याळ एक तास पुढे असते. हे लोक पैसे वाचवायला फोन इथल्या नेटवर्कला जोडतच नाहीत, मग फोनमधली वेळ आपोआप बदलणार कशी? दोन हे त्यांचे तीन होते. आणि हे तिघे सातच्या न्याहारीला सहालाच खाली येऊन उभे राहात, तेव्हा मास्तरांनी मनातल्या मनात त्यांच्या शिस्तीचे कौतुक केले होते.

त्यांनी चिठ्ठीतल्या वेळा पुन्हा मांडल्या. बाई तीनच्या हिशेबाने निवांत फिरतील, दोनची लाँच डोळ्यांदेखत जाईल, मग पाचची. शहरात पोचायला साडेसात. सीमेची बस तासापूर्वी गेलेली. भाड्याची मोटार त्यांच्या ऐपतीबाहेरची. फोन त्यांचाही बंदच असणार.

धक्क्यावरच्या चहाच्या टपरीचा नंबर मास्तरांकडे होता. टपरीवाली म्हणाली, "आज सुटीचा दिवस आहे, शेकड्यानं माणसं उतरतायत. पांढऱ्या केसांची बाई म्हणता, त्या कमीत कमी वीस तरी गेल्या असतील. कुणाकुणाला थांबवू?"

मास्तरांनी फोन ठेवला. मग सामानाच्या खोलीत जाऊन त्यांनी सिस्टरची सॅक ओढून बाहेर काढली. सीमेचा रस्ता आणि तलावाचा रस्ता शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर एका तिठ्यावर फुटतात. तिथे सॅक हाताशी असली तर शहरात परत यायची गरज उरत नाही, एवढे त्यांना सुचले.

मावशी ओल्या चादरी घेऊन जिन्यावरून येत होत्या. "हे काय? निघालात कुठे?"

"बेटावर. काउंटरवर बसा जरा."

"मी? मला त्या लोकांचं बोलणं कळतं का?"

"चावी मागतील ती द्या, पाणी मागतील ते द्या. बाकीच्याला मान हलवा."

"एकोणीस वर्षं जगाला वाट दाखवलीत," मावशी चादरीचा भारा खाली ठेवत म्हणाल्या, "आता तुम्हाला सापडली म्हणजे झालं. मालकीणबाईंना काय सांगू?"

"चूक झाली, ती निस्तरायला गेलेत, असं सांगा."

"असं सांगितलं तर मला वेड लागलंय म्हणतील. तुमची चूक होते यावर त्यांचा विश्वास बसायला हवा ना."

बस दहा वाजून दहा मिनिटांनी सुटली. चिठ्ठीत ते लिहीत, डावीकडे बसा, ऊन लागत नाही. डावीकडच्या जागा भरलेल्या होत्या. सॅक मांडीवर घेऊन ते उजवीकडे बसले आणि पावणेदोन तास तापलेल्या पत्र्याला खांदा लावून राहिले. शेजारच्या माणसाने सॅककडे पाहून विचारले, "या वयात फिरायला निघालात? मुलं काही म्हणत नाहीत?" मास्तर म्हणाले, "मुलं नाहीत." तो माणूस म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि डोळे मिटून घेतले.

बसथांब्यापासून धक्का दहा मिनिटांवर, असे चिठ्ठीत असे. दहा मिनिटे तिशीतल्या पायांची होती. मास्तरांना पंचवीस लागली. सॅकचे पट्टे खांद्यांत रुतत होते आणि उजवा गुडघा प्रत्येक पावलाला आपले अस्तित्व कळवत होता. ज्यांनी ज्यांनी त्यांना दहा मिनिटे सांगितली होती, ते सगळे खरेच बोलले होते. फक्त प्रत्येकाने स्वतःपुरते खरे सांगितले होते. आणि ते सगळ्यांसाठी म्हणून लिहून देणारे मास्तर होते.

लाँच भरायला वेळ लागला. ती बेटाला लागली तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. समोर तीनशे बारा पायऱ्या होत्या. हा आकडा त्यांना पाठ होता. त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. शंभराच्या पुढे ते मोजणे विसरले. वरून उतरणारे लोक बाजूला होत, कुणी "आजोबा, जपून" म्हणे. सॅक खाली ठेवून जावे असे त्यांना दोनदा वाटले, पण दुसऱ्याची वस्तू अशी रस्त्यात सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

वर पोचून त्यांनी मोठे प्रांगण पाहिले, कोरडी टाकी पाहिली, फोटो काढणारी कुटुंबे पाहिली. सिस्टर कुठेच नव्हत्या. एका पहारेकऱ्याने पश्चिमेकडच्या लांब इमारतीकडे बोट दाखवले. तिकडे वळता वळता खालून भोंगा ऐकू आला. मास्तर कठड्याशी गेले. गाळवाटेची होडी पुढे, तिच्यामागे तीन लाँच, अशी ती रांग पाण्यात शिरत होती. घड्याळात दोन वाजून एक मिनिट झाले होते.

सिस्टर त्या लांब इमारतीत एका दगडी ओट्यावर बसल्या होत्या. असे चोवीस ओटे दोन रांगांत होते. प्रत्येकावर पूर्वी एक रोगी असे. मास्तरांना आणि त्यांच्या पाठीवरच्या आपल्या सॅकला पाहून त्या उठल्या नाहीत. आधी त्यांनी त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बसा अगोदर. पाणी प्या. वाईट बातमी बसून सांगावी."

मास्तरांनी सांगितले. घड्याळाचे, तिघांचे, दोनचे, पाचचे. काही लपवले नाही आणि स्वतःच्या बाजूने एक शब्दही जोडला नाही.

सिस्टरनी पाण्याच्या बाटलीचे झाकण लावले. मग म्हणाल्या, "वेळ पुरून उरेल, असं म्हणाला होतात."

"हो."

"मी धक्क्यावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चिठ्ठी इतकी सुबक होती ना."

"तुमचा काही दोष नाही."

"दोष कुणाचा ते मी वाटत नाहीये. रुग्णालयात कुणी चुकीचं औषध दिलं की आधी रोगी बघायचा, चौकशी मग. आता पाचपर्यंत काही करता येतं का?"

"नाही."

"मग पाय वर घ्या. तो गुडघा सुजलाय."

त्यांनी गळ्यातला पंचा भिजवून मास्तरांच्या गुडघ्याभोवती बांधला. मास्तरांना संकोच वाटला, पण विरोध करण्याएवढे त्राण नव्हते. दोघेही शेजारशेजारच्या ओट्यांवर पाठ टेकून बसले. खिडक्या उंच होत्या, त्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते आणि फार सावकाश सरकत होते.

"इथे काय बघताय?" बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारले.

"अंतर. दोन खाटांमधलं. मी पावलांनी मोजलं. आमच्या वॉर्डात याच्या निम्मंही नव्हतं. दोन खाटांत तिसरा रोगी जमिनीवर असायचा. त्याला ओलांडून मी एकतीस वर्षं चालले." त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "कुणीतरी दगडाचं का होईना, पण नीट बांधलं होतं, एवढं बघायचं होतं. तुम्ही नेहमी येत असाल."

"आज पहिल्यांदाच."

त्यांनी मान वळवून पाहिले. "आणि ते चिठ्ठीतलं? पश्चिमेच्या इमारतीत दुपारी गारवा असतो, ते?"

"लोकांनी सांगितलेलं."

"बरोबर आहे ते," सिस्टर म्हणाल्या. "गारवा आहे."

त्या तीन तासांत ते फारसे बोलले नाहीत. सिस्टरनी उकडलेली दोन अंडी आणि पाव काढला, त्याचे सारखे वाटे केले. मास्तरांनी थोरल्या भावाच्या पाठीला पडलेल्या जखमांबद्दल विचारले. कुशी किती वेळाने बदलता, असे सिस्टरनी विचारले. सकाळ-संध्याकाळ, असे ते म्हणाले, तेव्हा सिस्टरनी मान हलवली. "दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. वहिनींना गजर लावायला सांगा. आणि सहा दिवस त्यांनी, एक दिवस तुम्ही, हे काही समान वाटप नव्हे." थकलेल्या माणसाला थकलेल्या माणसाने सांगितलेले खरे लागते, पण चटकन लागत नाही.

पाचच्या लाँचने ते धक्क्याला आले तेव्हा पाच चाळीस झाले होते. शहराची बस दहा मिनिटांपूर्वी गेली होती, पुढची सातला. फोनला नेटवर्क मिळताच मास्तरांनी सीमेच्या बसच्या ऑफिसला फोन लावला.

"तिठ्यावर आमचा थांबा नाही," तिकडचा कारकून म्हणाला.

"मला कंडक्टरशी बोलू द्या. गाडी सुटायची आहे अजून."

थोड्या वेळाने दुसरा आवाज आला. "कोण?" आणि मास्तरांनी दोन शब्द बोलताच, "अहो मास्तर. रोज सीटं सांगता, आवाज ओळखणार नाही का मी? काल सांगून ठेवलेली बाईंची सीट आहे ना, खिडकीची?"

"त्या तिठ्यावर चढतील. माझ्या चुकीमुळे इकडे अडकल्यात. खिडकी बंद व्हायच्या आत त्यांना पोचायचंय."

"अंधार पडलेला असतो हो तिथे. ड्रायव्हर थांबवायचा नाही."

"माझ्यासाठी थांबवा. आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"पांढरं काहीतरी हलवा," कंडक्टर म्हणाला. "आणि रस्त्याच्या मधे येऊ नका."

तिठ्यापर्यंत त्यांना बर्फ पोचवणाऱ्या एका टेम्पोने आणले. पुढे एकाचीच जागा होती. तिथे सिस्टर बसल्या. मास्तर मागे भुशाच्या पोत्यांवर सॅक कवटाळून बसले. सात वाजता ते तिठ्यावर उभे होते. बस सात पाचला यायला हवी होती. सात दहा झाले, सात वीस झाले. सिस्टरनी गुडघ्यावरचा पंचा सोडवून हातात घेतला होता.

"येईल?" त्यांनी एकदाच विचारले.

"मी सांगत नाही," मास्तर म्हणाले. "आज मी वेळ सांगत नाही कुणाला."

सिस्टर हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

सात पंचवीसला दिवे दिसले. दोघांनी मिळून पंचा हलवला. बस पुढे गेली, बरीच पुढे गेली, आणि मग थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "पंक्चर झालं होतं, बोलू नका, चढा." मास्तर सॅक घेऊन धावले; त्याला धावणे म्हणता आले तर. सॅक आत गेली, सिस्टर आत गेल्या. वळून काही म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही. मास्तरांनी उगीच हात वर केला आणि बस अंधारात मिसळली.

नऊला खिडकी बंद होणार आणि अंतर दीड तासाचे. हा हिशेब त्यांनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून चारदा केला. उत्तर दर वेळी पाच मिनिटांवर येत होते. कधी ती पाच मिनिटे हातात उरत, कधी कमी पडत.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दोन वाक्ये बोलल्या आणि गेल्या. मावशी म्हणाल्या, "काल सगळे पाहुणे खूश होते. मी सगळ्याला मान हलवली." मास्तर हसले नाहीत. बेटाचे कार्ड त्यांनी दुरुस्त केले होते. बेटाची चिठ्ठी मागणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी आधी त्यांच्या घड्याळात किती वाजलेत ते विचारले. त्या दोघांना प्रश्न विचित्र वाटला असावा.

अकरा वाजता नेहमीप्रमाणे कंडक्टरचा फोन आला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारले. सीटांचे आकडे सांगण्याआधी त्यांनी दुसरे काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

"आठ छप्पन्नला पोचलो. तो खिडकीवरचा बाबूराव झडप खाली ओढत होता. मी हात आत घातला, म्हटलं, आधी हा तोडा, मग बंद करा. शिक्का मारला त्यानं. शिव्याही दिल्या. बाई गेल्या पलीकडे."

मास्तरांनी हातातले पेन खाली ठेवले.

"ऐकताय ना? बाईंनी सांगितलंय, गुडघा शेकू नका, गारच ठेवा. आणि भावाचं ते दोन तासांचं. मला ते काही कळलं नाही, पण तुम्हाला सांगायला लावलं दोनदा."

"कळलं."

"बरं, आज किती?"

"दोन," मास्तर म्हणाले. "एक खिडकीची." त्यांनी फोन ठेवला, काउंटरला धरून उजवा पाय सरळ केला, आणि मग वहिनींचा नंबर लावला.